सावरायचं कोणी?

एकाच नावाची चार खेळण्यातली हेलिकॉप्टरं दिसतात. एक नुसतं, एकाच्या नावामागे ‘एस’, एकामागे ‘प्रो’, एकामागे ‘व्ही टू’. फोटोत फरक शोधून काढावा लागतो, किमती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: “नवीन घ्या ना मॅडम, जुनं कशाला?” नेरूळच्या आमच्या घरात शाळा सुरू झाल्यापासून हा विषय चालू आहे. सहावीतल्या लेकीला बॅटरीवरचं, रिमोटने उडवायचं छोटं हेलिकॉप्टर हवं होतं. वीतभर, फार तर दीड वीत. ड्रोन नको, हेलिकॉप्टरच. हा हट्ट मला मनापासून आवडला. ड्रोन सोडला की हवेत उभा राहतो आणि पुढचं बरंचसं स्वतःच बघतो. हेलिकॉप्टरचं तसं नाही, निदान ज्या हेलिकॉप्टरबद्दल मी लिहिते आहे त्याचं नाही.

हेलिकॉप्टर मुळात उभं राहायला तयार नसतं. वरची पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते वर उचललं जातं, इथपर्यंत सोपं. पण ते जरा कुठे कललं की त्याच बाजूला घसरायला लागतं, आणि मधल्यामध्ये परत आणणारं त्याच्यात आपलं आपण काहीच नसतं. शिवाय पाती एका दिशेला फिरली की अंग उलट्या दिशेला फिरू बघतं. तळहातावर उभी काठी तोलल्यासारखं आहे हे: हात थांबला की काठी गेली. म्हणजे कुणीतरी सतत सावरत राहायला हवं. या सगळ्या ‘एस’, ‘प्रो’, ‘व्ही टू’च्या मागे खरा फरक एवढाच असतो की सावरण्याचं हे काम बनवणाऱ्याने कोणाकडे सोपवलंय. पात्यांच्या दुसऱ्या जोडीकडे, एका लोखंडी दांडीकडे, चिपकडे, की उडवणाऱ्याच्या अंगठ्यांकडे. हे एकदा समजलं आणि मला निवड करता यायला लागली. तोवर नुसती नावं वाचत होते.

पात्यांच्या दोन जोड्या हा सगळ्यात प्रेमळ प्रकार. एकाच दांड्यावर दोन जोड्या, एक सुलट फिरते, एक उलट. दोघींचा पीळ एकमेकींना कापतो, त्यामुळे अंग फिरत नाही. सायमाचं एस१०७जी हे यातलं बहुधा सगळ्यांत जास्त घरांत पोचलेलं हेलिकॉप्टर. नावातला ‘जी’ जायरोचा, म्हणजे नाक भरकटू नये म्हणून आत बसवलेला छोटा संवेदक. शेपटीवर पंखा दिसतो, पण तो आडवा, आकाशाकडे तोंड करून. त्याचं काम शेपूट उचलायची किंवा दाबायची, म्हणजे नाक खाली-वर होतं आणि हेलिकॉप्टर पुढे-मागे सरकतं. तीन चॅनल: वर-खाली, नाक डावी-उजवीकडे, पुढे-मागे. बाजूला सरकणं नाही. रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडचा, त्यामुळे बाल्कनीतल्या कडक उन्हात ते ऐकेनासं होतं आणि कोचामागे गेलं की संपर्क तुटतो.

दोन जोड्यांचं हे गणित खेळण्यापुरतं आहे असं कोणी समजू नये. आपल्या नौदलाकडची कामोव्ह हेलिकॉप्टरं याच पद्धतीची, एकावर एक दोन पात्यांची. कुलाब्याला आयएनएस शिक्रा हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा तळ आहे. कामोव्ह-३१ कधी पाहिलंत तर शेपटीकडे बघा: तिथे पीळ मारायला उभा पंखा नसतो, कारण त्याची गरजच नाही. लेकीला मी त्याचं चित्र दाखवलं तेव्हा तिने लगेच बोट ठेवलं, “म्हणजे सायमा मोठं होऊन हे होतं.” मला हे वाक्य फार आवडलं.

याच जातीतलं पण वरच्या इयत्तेतलं हेलिकॉप्टर म्हणजे ब्लेड एमसीएक्स. २००८ साली आलं तेव्हा बॅटरीसकट त्याचं वजन २८ ग्रॅम होतं, रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा, आणि चार चॅनल, म्हणजे बाजूलाही सरकता येतं. ज्यांना पहिल्याच दिवशी खोलीत मधोमध उभं राहिलेलं हेलिकॉप्टर बघायचंय त्यांनी दोन जोड्यांचंच घ्यावं. लहान मूल असेल तर दुसरा विचारही करू नये. आमच्याकडे असं एक आलं होतं, वाढदिवसाला. लेक आठवीपर्यंत त्याच्यावर रमेल असं वाटत नव्हतंच. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि परत एवढं जमलं की त्याच्याकडे शिकवण्यासारखं फारसं उरत नाही. ते सतत आपलं आपण सावरत असतं आणि आपण फक्त दिशा सांगत राहतो.

इथे पंख्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण परदेशी माहितीत ते कुठेच नसतं. आपल्याकडे छताचा पंखा चालू असतो. एकवर असला तरी चालू असतो. पन्नास ग्रॅमच्या आतबाहेरच्या वस्तूला तो वारा म्हणजे वादळ. पंखा बंद केला तरी पाती थांबेपर्यंत वाट बघावी लागते. जुलैतल्या नेरूळच्या दमट हवेत बंद खोलीत घामाघूम होऊन उडवायचं, ही इथली रीत. शिवाय खोली लहान असेल तर हेलिकॉप्टरने खाली ढकललेली हवा भिंतींवरून परत वर येते आणि त्यालाच हलवते. जमिनीलगत, पात्यांच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, ते आपल्याच हवेच्या गादीवर घसरत राहतं. म्हणून शिकणाऱ्याने घाबरून जमिनीजवळ घुटमळू नये. पटकन गुडघ्यापर्यंत न्यावं, तिथे ते जास्त शहाण्यासारखं वागतं.

दांडीची गोष्ट मला सर्वांत जवळची आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

एकाच जोडीचं हेलिकॉप्टर घेतलं की सावरणं अवघड होतं. वर एकच जोडी, शेपटीला उभा पंखा पीळ मारायला, आणि बाकी सगळं हवेच्या भरवशावर. यावर जुना उपाय म्हणजे फ्लायबार: पात्यांच्या वर किंवा खाली एक आडवी दांडी, दोन टोकांना वजनं, पात्यांबरोबरच गरगर फिरणारी. जोरात फिरणारी वस्तू आपली पातळी सहजी सोडत नाही. अंग कललं तरी दांडी काही क्षण आपल्या जुन्याच पातळीत फिरत राहते. दांडी आणि पाती बारीक लिंकांनी जोडलेली असतात, त्यामुळे अंग आणि दांडी यांच्यात फट पडली की पात्यांचा कोन आपोआप बदलतो आणि अंग परत ओढलं जातं. ना चिप, ना प्रोग्रॅम.

हे डोकं अमेरिकेतल्या आर्थर यंग यांचं. विजेवर चालणारी, तारेने जोडलेली छोटी मॉडेल्स बनवत त्यांनी वर्षानुवर्षं घालवली, कारण मॉडेल आपटलं तर कोणी मरत नाही आणि दुसऱ्या दिवशी नवं बनवता येतं. १९४१ मध्ये ते आपलं मॉडेल घेऊन बेल कंपनीत गेले आणि ते उडवून दाखवलं. पुढे त्यातूनच बेल ४७ झालं, ज्याला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. हेलिकॉप्टरला असं प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिलीच वेळ. जुन्या फोटोंत काचेच्या गोल बुडबुड्याचं जे हेलिकॉप्टर दिसतं ते हेच, आणि त्याच्या पात्यांना काटकोनात दोन वजनांची दांडी स्पष्ट दिसते. म्हणजे खेळण्याएवढ्या विजेच्या हेलिकॉप्टरवर जे सापडलं त्यावर पुढे माणसं उडाली. ज्यांना ही छोटी हेलिकॉप्टरं पोरखेळ वाटतात त्यांना मी हे आवर्जून सांगते. रिमोटवरचं हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने हाताशी आलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७० च्या आसपास, जर्मनीतल्या डीटर श्ल्युटर यांच्यामुळे. त्याच्याही डोक्यावर दांडी होतीच.

डब्ल्यूएल टॉइजचं व्ही९११ या जातीचं. चार चॅनल, एक जोडी, वर दांडी. आणि त्याचंच भावंड व्ही९११एस: दांडी गायब, जागी सहा अक्षांचा जायरो असलेली चिप. आमचा घरचा वाद या दोघांतला होता.

वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा राहतो. सोसायटीच्या हॉलमध्ये तो स्वतःचं हेलिकॉप्टर उडवतो आणि सुरेख उडवतो. त्याचं मत स्पष्ट होतं. “काकू, एस घ्या. दांडी म्हणजे आपटल्यावर पहिली तुटणारी वस्तू. चिप सेकंदाला शेकडो वेळा मोजते आणि दुरुस्त करते, दांडीला ते जमणारच नाही. आणि दांडीवालं पुढे पळवायला गेलं की नाक वर उचलतं, वेगच घेत नाही.” हे सगळं बरोबर आहे. पात्यांपासून तिरक्या कोनात बसवलेली दांडी हेलिकॉप्टरला शांत ठेवते, पण तोच शांतपणा वेगाच्या आड येतो. थोडा वारा असला की दांडीवालं त्याच्याबरोबर वाहत जातं. चिपवालं नाक घट्ट धरून राहतं. २०११ नंतर बाजारातून दांड्या भराभर नाहीशा झाल्या त्या काही कुणाच्या लहरीने नाही.

बाबांनी, म्हणजे लेकीच्या आजोबांनी, मात्र दोन्ही हातात घेऊन बघायला मागितली. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते, रबाळे स्टेशन झालंही नव्हतं तेव्हापासून. वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. वरच्या मुलाने आपलं जुनं दांडीवालं आणि एका मित्राचं बिनदांडीचं, दोन्ही खाली आणली. बाबांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पांढरा रुमाल, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. बॅटरी काढून ठेवली. मग दांडीच्या एका टोकाला नखाने हळूच खाली दाबलं.

लेक टेबलावर हनुवटी टेकून बघत होती. दांडीचं एक टोक खाली गेलं तशी काडीएवढी लिंक वर सरकली आणि जवळच्या पात्याची पुढची कड किंचित उचलली गेली. समोरचं पातं तेवढंच खाली वळलं. बाबांनी नख काढलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्यांनी दांडी चिमटीत आडवी धरून ठेवली आणि हेलिकॉप्टरचं अंगच कलवलं. पाती परत वळली. “बघ,” ते म्हणाले, “अंग पडायला लागलं, ही पडली नाही. म्हणून पात्याला कळलं.” लेकीने त्यांच्या हातातून दांडी घेतली आणि तिने ते किती तरी वेळ करून बघितलं. एका लिंकेत प्ले होता. बाबांनी तो तिच्या बोटाला जाणवून दिला: टोक हललं तरी क्षणभर पातं हलत नाही, मग हलतं. “एवढ्याशा ढिलाईने हे हवेत थरथरणार,” ते म्हणाले. आणि त्या मुलाने मान हलवून सांगितलं की हो आजोबा, थरथरतं.

मग बिनदांडीचं उघडलं. आत नखाएवढ्या पाटीवर एक काळा चौकोन. बाबांनी तो भिंगातून नीट पाहिला, पाटीवरची झाळणी छान आहे म्हणाले, आणि बंद केलं. त्यात दाबून बघण्यासारखं काही नव्हतं.

माझा निर्णय तिथे झाला. दांडीवालं वाईट उडतं हे मान्य करूनच मी ते निवडलं, कारण त्यात सावरणं दिसतं. सहावीतल्या मुलीने एखादं यंत्र घ्यायचं असेल तर ते कसं उभं राहतं हे तिला डोळ्यांनी दिसावं, नखाने हलवता यावं, आणि बिघडलं तर कुठे बिघडलं हे बोटाला कळावं, असं मला फार तीव्रतेने वाटतं. चिपवालं बिघडलं तर पाटी बदलायची. दांडीवालं बिघडलं तर आजोबा आणि नात दोन संध्याकाळी शेजारी बसतात. ज्यांना नुसतं उडवण्यात रस आहे, घरात दुरुस्त करणारं कोणी नाही, त्यांनी खुशाल ‘एस’ घ्यावं. पैसे वाया जाणार नाहीत.

उंची स्वतः धरून ठेवणाऱ्या आवृत्त्यांबद्दल मात्र मी इतकी उदार नाही. अलीकडे बऱ्याच छोट्या हेलिकॉप्टरांत दाबमापक येतो. समुद्रसपाटीजवळ मीटरभर वर गेलं की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, आणि एकूण दाब लाखाच्या घरात. एवढा बारीक फरक तो मोजतो आणि थ्रॉटल, म्हणजे आमच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याने कमी-जास्त करायचा मोटरचा जोर, आपलं आपण सांभाळतो. तंत्र म्हणून थक्क व्हायला होतं. पण घरात धाडकन दार लागलं तरी दाब हलतो आणि हेलिकॉप्टर दचकतं. आणि मुख्य म्हणजे डाव्या अंगठ्याचं शिक्षण राहूनच जातं. थ्रॉटल ही हेलिकॉप्टरची सर्वांत नाजूक गोष्ट आहे. ज्यात सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवता येत नाही अशा हेलिकॉप्टरात वर जायचं म्हणजे मोटर जोरात फिरवायची, आणि पात्यांना वेग घ्यायला वेळ लागतो. तो उशीर अंगठ्यात मुरावा लागतो: पडायच्या आधी दाबायचं, चढायच्या आधी सोडायचं. हे दाबमापकाकडे दिलं तर पुढच्या इयत्तेत पोर कोरं राहतं.

पुढची इयत्ता म्हणजे ज्यांच्या सगळ्या पात्यांचा कोन उडताना एकदम बदलता येतो ती. एक्सकेचं के११० त्यातलं माहितीतलं नाव, सहा चॅनलचं, मुख्य मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासून झिजणारा ब्रश नसलेली. तिथे मोटर जवळपास एकाच वेगाने फिरते आणि रिमोटची स्टिक हलवली की पात्यांचा कोन बदलतो, म्हणून वर-खाली होणं तत्काळ. कोन उलटाही करता येतो, म्हणजे हेलिकॉप्टर पाठीवर उडू शकतं. वरच्या मजल्यावरचा मुलगा हॉलच्या छताखाली ते करतो तेव्हा सगळे श्वास रोखून बघतात. त्यात दोन स्थिती असतात: एकीत चिप अंग आपोआप सपाट करते, दुसरीत फक्त तुम्ही ठेवाल तसं ठेवते. त्या दुसऱ्या स्थितीत सावरण्याचं काम शेवटी माणसाकडे येतं. मला वाटतं बाकी सगळ्या आवृत्त्या तिथवर पोचायच्या पायऱ्या आहेत, आणि कुठल्या पायरीवर थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पहिलंच म्हणून मात्र कोणी हे घेऊ नये. पहिल्या संध्याकाळीच दांडा वाकतो आणि मन मोडतं.

नावांखेरीज खोक्यावरही आवृत्त्या असतात, आणि तिथे घाईत फसगत होते. आरटीएफ म्हणजे रिमोटसकट, खोकं उघडा आणि उडवा. बीएनएफ म्हणजे नुसतं हेलिकॉप्टर; त्याची भाषा बोलणारा रिमोट तुमच्याकडे आधीच हवा. स्वस्त दिसतं म्हणून बीएनएफ आणायचं आणि मग घरी ते मुकं बसून राहायचं, हे टाळावं. दुसरं, मोड. मोड टूमध्ये थ्रॉटल डाव्या हाताला, मोड वनमध्ये उजव्या. मोड वन जपानमध्ये रुळलेला. यात चांगलं-वाईट काही नाही, पण हाताला एकदा लागलेली सवय पुन्हा सोडवत नाही, म्हणून आजूबाजूला जे उडवतात त्यांचाच मोड घ्यावा. अडलं तर रिमोट त्यांच्या हातात देता येतो. मला इथे भेटलेले सगळे मोड टूवाले आहेत.

आणि सुटे भाग. नवी आवृत्ती आली की जुनीच्या पात्यांचा, गिअरांचा, शेपटीच्या मोटरचा साठा हळूहळू आटतो. छोट्या ब्रशवाल्या मोटरी झिजतातच. ती बिघाड नव्हे, त्यांचं आयुष्य तेवढंच. तेव्हा हेलिकॉप्टर घेण्याआधी त्याचे भाग कुठे आणि किती मिळतात ते बघायचं. पाती दोन-तीन जोड, एक शेपटीची मोटर, एक मुख्य दांडा, दोन जादा बॅटऱ्या, एवढं पहिल्याच खरेदीत घ्यावं. बाबांनी त्यासाठी जुना पोळपाटाएवढा डबा काढून दिला, कप्प्याकप्प्यांचा.

बॅटरीबद्दल बाबा कडक आहेत आणि त्यांचं मला पटतं. एका सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, नावाला ३.७ व्होल्टची. भरली की ४.२, आणि ३ च्या खाली कधी जाऊ द्यायची नाही. हेलिकॉप्टर दमलेलं वाटलं की उतरवायचं, अजून एक चक्कर म्हणून ताणायचं नाही. चार्जिंग लादीवर, गादीवर नाही, आणि घरात कोणी जागं असताना. फुगलेली दिसली की ती बाद. भरून महिनाभर ठेवायची नाही. परीक्षेच्या दिवसांत ३.८ च्या आसपास आणून ठेवायची. लेकीने हे सगळं कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे.

उडवायचं कुठे, हा प्रश्न नवी मुंबईत आता आवृत्तीइतकाच महत्त्वाचा झालाय. खारघरचं सेंट्रल पार्क किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान बघून कोणालाही वाटेल की जागा काय कमी आहे. पण तिथे खाडीवरून वारा येतो आणि आपलं हेलिकॉप्टर चिमणीपेक्षा थोडंच जड. शिवाय नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना नॅनो म्हटलंय आणि हौसेसाठी ती उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, हे खरं. पण क्षेत्रांचे नियम त्यांनाही आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांवरचं आकाश परवानगीचं, आणि त्याहून जवळ नियम आणखी कडक. त्यात मुंबई परिसरात पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर मनाई आदेश काढतात. म्हणून आम्ही बाहेरचा विषयच काढून टाकला. सोसायटीचा हॉल, गणपती आणि लग्नकार्यं सोडून, सकाळी रिकामा असतो. पंखे बंद, दारं लोटलेली, खुर्च्या भिंतीला. घरात उडणारं यंत्र लहान आणि सौम्य हवं, आणि दांडीवाल्याचा जो मंदपणा बाहेर दोष ठरतो तोच हॉलमध्ये उपयोगी पडतो. जागा आधी ठरवली असती तर निम्म्या आवृत्त्या आपोआप गळल्या असत्या. कोणी मला विचारलं तर मी आता पहिला प्रश्न तोच विचारते: उडवणार कुठे?

व्ही९११ आलं त्याला आता बरेच दिवस झाले. शेपूट आपल्याकडे ठेवून उभं करणं लेकीला लवकर जमलं. बाजूने उभं करणं हळूहळू जमलं. नाक आपल्याकडे असलं की मात्र डावं-उजवं उलटं होतं आणि अंगठे दगा देतात. त्यावर वरच्या मजल्यावरच्या मुलाने तिला एक युक्ती दिली: विचार करू नकोस, हेलिकॉप्टरची जी बाजू खाली झुकलीय तिच्याखाली स्टिक सरकव, टेकू दिल्यासारखी. गेल्या रविवारी ती पहिल्यांदा नाक स्वतःकडे करून पुरेसा वेळ उभं ठेवू शकली. उतरवल्यावर तिने लिंका तपासल्या, एक काढून आजोबांकडे दिली, “आजोबा, ही बघा ना तुम्ही, इथे प्ले आलाय.” त्यांनी भिंग लावलं आणि खरंच आला होता.

आता तिला के११० हवंय. बाबांची अट अशी की दांडीवाल्यावर नाक समोर ठेवून हॉलला पूर्ण फेरी मारायची, भिंतीला न लागता, आणि मग बोलायचं. ती फेरी झाली तर दिवाळीनंतर घेऊ. आरटीएफ, मोड टू. तोवर मी दांडे आणि पात्यांची चौकशी करून ठेवते, आणि बाबांना त्या चिपबद्दल वाचायला काहीतरी मराठीत मिळतंय का ते शोधते आहे. त्यांना ती दोन स्थितींची कळ नेमकी काय करते ते समजून घ्यायचंय.